प्रथमदर्शनी मत आणि माणसाची पारख

१८३१ सालच्या सप्टेंबर महिन्यातील घटना आहे. ‘बीगल’ हे ब्रिटिश आरमाराचे जहाज दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याची पाहणी करण्यासाठी निघण्याच्या तयारीत होते. जहाजाचे कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय यांना दीर्घ प्रवासात सोबतीसाठी निसर्गविज्ञानाची आवड असलेला सुशिक्षित गृहस्थ हवा होता. त्यासाठी बावीस वर्षांचा एक तरुण त्यांच्या भेटीस आला. चेहऱ्यावरून स्वभाव ओळखता येतो, या मतावर कप्तानांची दृढ श्रद्धा होती. तरुणाच्या नाकाची ठेवण पाहून त्यांच्या मनात शंका आली, की अशा नाकाच्या माणसाच्या अंगी या सफरीला पुरेल एवढी चिकाटी आणि निर्धार असणे शक्य आहे काय? सुदैवाने ती शंका मागे पडली आणि तरुणाची निवड झाली. तो तरुण म्हणजे चार्ल्स डार्विन. पाच वर्षांच्या त्या प्रवासातील निरीक्षणांनी जीवशास्त्राला नवे वळण दिले. आपल्या नाकामुळे ही संधी थोडक्यात हुकली असती, हे डार्विन यांनी पुढे आत्मचरित्रात नमूद करून ठेवले आहे.

या घटनेला आता दोन शतके होत आली. तथापि मुलाखतीच्या खोलीत, वर्गात, ग्रामसभेत आणि कार्यालयाच्या टेबलापाशी समोरच्या माणसाविषयी असेच झटपट मत बनविण्याची मानवी सवय गेलेली नाही. ही सवय कशी काम करते, ती कोठे फसवते आणि तिच्यापासून सार्वजनिक कामकाजाचा बचाव कसा करावा, याचा अभ्यास गेल्या काही दशकांत मानसशास्त्रज्ञांनी पद्धतशीरपणे केला आहे. या अभ्यासकांमध्ये शिकागो विद्यापीठाच्या बूथ व्यवसाय विद्यालयातील प्राध्यापक अलेक्झांडर टोडोरोव्ह यांचे नाव अग्रभागी आहे.

व्यवसाय विद्यालयात मनाचा अभ्यास

टोडोरोव्ह हे मूळचे बल्गेरियाचे. न्यूयॉर्क विद्यापीठातून २००२ साली डॉक्टरेट मिळविल्यावर त्यांनी प्रिन्स्टन विद्यापीठात अनेक वर्षे अध्यापन केले आणि त्यानंतर ते शिकागोस आले. व्यापार-व्यवस्थापनाचे शिक्षण देणाऱ्या संस्थेत मानसशास्त्राच्या प्राध्यापकाचे काय काम, असा प्रश्न कोणासही पडावा. परंतु व्यवस्थापनाचा फार मोठा भाग माणसांची पारख करण्याचाच असतो. कोणास नेमावे, कोणास बढती द्यावी, कोणाच्या शब्दावर विसंबावे, हे निर्णय कारखान्यात जसे घ्यावे लागतात तसेच शाळेत, पंचायतीत आणि शासकीय कचेरीतही घ्यावे लागतात. म्हणूनच माणूस माणसाविषयी मत कसे बनवितो, हा विषय अशा विद्यालयांच्या अभ्यासक्रमात महत्त्वाचे स्थान मिळवून बसला आहे.

सेकंदाच्या दहाव्या भागात

टोडोरोव्ह आणि त्यांच्या सहकारी जॅनीन विलिस यांचा एक प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. प्रयोगात भाग घेणाऱ्यांना अपरिचित व्यक्तींची छायाचित्रे दाखविण्यात आली. काहींना एक छायाचित्र पूर्ण सेकंदभर दिसे, काहींना अर्धा सेकंद, तर काहींना सेकंदाचा केवळ दहावा भाग. तेवढ्या अवधीत पाहिलेली व्यक्ती विश्वासू वाटते काय, कर्तबगार वाटते काय, आक्रमक वाटते काय, असे प्रश्न विचारण्यात आले. हीच छायाचित्रे अन्य काही जणांना हवा तितका वेळ पाहू देण्यात आली होती. दोन्ही गटांची मते ताडून पाहता असे आढळले, की एक दशांश सेकंदात बनलेले मत आणि सावकाश पाहून बनलेले मत यांत मोठे साम्य होते. विश्वासूपणाच्या बाबतीत तर हे साम्य सर्वाधिक होते.

या प्रयोगातील आणखी एक निष्कर्ष अधिक विचार करण्याजोगा आहे. पाहण्यास अधिक वेळ मिळाल्यावर मत फारसे बदलले नाही. वाढला तो स्वतःच्या मतावरील विश्वास. म्हणजे जास्त वेळ पाहिल्याने माणूस अधिक जाणतो असे नव्हे. आधीच बनलेले मत अधिक पक्के होते, एवढेच.

मतदार आणि उमेदवाराचा चेहरा

यापूर्वी २००५ साली टोडोरोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवडणुकांसंबंधी एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. अमेरिकी काँग्रेसच्या निवडणुकांत परस्परांविरुद्ध उभ्या राहिलेल्या दोन प्रमुख उमेदवारांची छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून, या दोघांपैकी अधिक सक्षम कोण दिसतो, एवढाच प्रश्न लोकांना विचारण्यात आला. पक्ष, धोरण वा पूर्वीचे कार्य यांची कोणतीही माहिती देण्यात आली नव्हती, आणि ज्यांनी चेहरा ओळखला त्यांची उत्तरे वगळण्यात आली. तरीही अधिक सक्षम दिसणाऱ्या उमेदवाराने सिनेटच्या सुमारे ७२ टक्के, तर प्रतिनिधिगृहाच्या सुमारे ६७ टक्के लढती जिंकल्या होत्या, असे आढळून आले. केवळ नाणे उडवून अंदाज केला असता तर तो ५० टक्क्यांच्या आसपास बरोबर आला असता, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचे महत्त्व ध्यानी येते.

स्वित्झर्लंडमधील जॉन अँटोनाकिस आणि ओलाफ डालगास या संशोधकांनी २००९ साली हीच बाब वेगळ्या रीतीने तपासली. त्यांनी लहान मुलांना जहाजाच्या प्रवासाचा एक खेळ खेळावयास लावला आणि दोन छायाचित्रांपैकी आपल्या जहाजाचा कप्तान म्हणून कोणास निवडाल, असे विचारले. छायाचित्रे होती फ्रान्सच्या संसदीय निवडणुकीतील उमेदवारांची. मुलांनी निवडलेले ‘कप्तान’ बहुतांशी निवडणुकीतील विजयी उमेदवारच निघाले. प्रौढ मतदाराच्या मनातही बालवयातील ही नजर शिल्लक राहते, असे यावरून दिसते.

याचा अर्थ मतदार सर्वस्वी चेहऱ्यावर मत देतो, असा मात्र घेऊ नये. गॅब्रिएल लेन्झ आणि चॅपेल लॉसन यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ज्या मतदारांना राजकारणाची माहिती कमी असते आणि जे दूरचित्रवाणी पुष्कळ पाहतात, त्यांच्यावर दिसण्याचा प्रभाव अधिक पडतो. माहिती असलेल्या मतदारावर तो कमी पडतो. माहितीची जागा रिकामी असली की ती चेहरा भरून काढतो, असेच म्हटले पाहिजे. भारतात नामसाधर्म्यामुळे होणारा घोटाळा टाळण्यासाठी २०१५ पासून मतदान यंत्रावरील मतपत्रिकेत उमेदवाराचे छायाचित्र देण्याची व्यवस्था निवडणूक आयोगाने केली. ही सोय उपयुक्त आहेच. परंतु छायाचित्र हे उमेदवार ओळखण्याचे साधन आहे, त्याची योग्यता जोखण्याचे नव्हे, हे मतदार-शिक्षणात आवर्जून सांगितले पाहिजे.

एकमत म्हणजे सत्य नव्हे

अनेकांना एखादा चेहरा विश्वासू वाटतो, तेव्हा त्यात काही तथ्य असलेच पाहिजे, असा समज सहज होतो. टोडोरोव्ह यांच्या संशोधनाचा खरा भर या समजाच्या निराकरणावर आहे. निकोलास ओस्टरहोफ यांच्यासमवेत २००८ साली त्यांनी दाखवून दिले, की चेहऱ्याविषयीची नानाविध मते मुख्यतः दोन प्रश्नांभोवती फिरतात : हा माणूस विश्वासू आहे काय, आणि हा वरचढ ठरणारा आहे काय. संगणकावर तयार केलेले चेहरे हळूहळू बदलत नेले असता असे दिसले, की ओठांचे कोपरे किंचित वर असलेला, हसऱ्या भावाकडे झुकणारा चेहरा विश्वासू वाटतो, आणि रागाच्या भावाकडे झुकणारा चेहरा अविश्वासू वाटतो.

येथेच चुकीचे मूळ आहे. हसू आणि राग या क्षणिक भावना आहेत. त्या ओळखणे माणसाला उपयोगाचे असते, कारण रागावलेल्या माणसापासून दूर राहणे केव्हाही हिताचे. परंतु ज्याच्या चेहऱ्याची ठेवणच रागीट दिसते, त्याच्या माथी मन कायमचा रागीट स्वभाव मारते. क्षणाचे चिन्ह आयुष्याचे लक्षण मानले जाते.

२०१४ साली जेनी पोर्टर यांच्यासह केलेल्या अभ्यासात टोडोरोव्ह यांनी एकाच व्यक्तीची निरनिराळी छायाचित्रे लोकांपुढे ठेवली. एका छायाचित्रावरून विश्वासू ठरलेली व्यक्ती दुसऱ्या छायाचित्रावरून तशी ठरेना. दोन भिन्न माणसांविषयीच्या मतांत जेवढा फरक पडावा, तेवढाच किंवा त्याहून अधिक फरक एकाच माणसाच्या दोन छायाचित्रांमुळे पडू शकतो, असे दिसून आले. स्वभाव जर खरोखरच चेहऱ्यावर लिहिलेला असता, तर प्रकाशाची दिशा बदलताच तो बदलला नसता. ‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी पूर्वापार आहे. प्रयोगशाळेने तिला पुरावा दिला आहे.

जुन्या चुकीची नवी वस्त्रे

चेहऱ्यावरून स्वभाव वाचण्याच्या कल्पनेला शास्त्राचे रूप देण्याचा प्रयत्न अठराव्या शतकात स्वित्झर्लंडचे धर्मोपदेशक योहान कास्पर लाव्हाटर यांनी केला. फिट्झरॉय हे त्यांच्याच मताचे अनुयायी होते. पुढे १८७६ साली इटलीतील चेझारे लोम्ब्रोझो यांनी ‘जन्मजात गुन्हेगार’ कवटीच्या व चेहऱ्याच्या ठेवणीवरून ओळखता येतो, असा सिद्धांत मांडला. तो टिकला नाही. परंतु टिकेपर्यंत त्याने अनेकांवर अन्याय होण्यास आधार पुरविला.

हा धोका इतिहासजमा झालेला नाही. २०१६ साली चीनमधील दोन संशोधकांनी, संगणक केवळ छायाचित्रावरून गुन्हेगार ओळखू शकतो, असा दावा केला. २०१७ साली टोडोरोव्ह आणि संगणकशास्त्रातील दोन तज्ज्ञांनी एका लेखाद्वारे त्यातील दोष दाखविले. गुन्हेगार नसलेल्यांच्या छायाचित्रांत किंचित हास्य व पांढरी कॉलर अधिक दिसत होती, गुन्हेगारांच्या छायाचित्रांत ती नव्हती. यंत्राने गुन्हेगारी ओळखली नव्हती, छायाचित्र कसे काढले गेले ते ओळखले होते. माणसाचा पूर्वग्रह यंत्राला शिकविला तर यंत्र तो निर्विकारपणे आणि मोठ्या प्रमाणावर अमलात आणते, हे प्रशासनात नव्या साधनांचा स्वीकार करताना विसरता कामा नये. टोडोरोव्ह यांचा ‘फेस व्हॅल्यू’ हा ग्रंथही २०१७ सालीच प्रसिद्ध झाला.

पहिल्या गुणाचे वलय

फसगत केवळ चेहऱ्यानेच होते असे नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली सैन्यातील अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्यांना दिलेले गुण तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य या अगदी भिन्न बाबी. परंतु एका बाबतीत चांगले गुण मिळालेल्यास इतर बाबींतही चांगलेच गुण पडलेले होते. एका गुणाचे तेज इतर सर्व गुणांवर पडते, म्हणून या प्रवृत्तीला वलय-परिणाम असे म्हणतात. सुवाच्य अक्षराच्या विद्यार्थ्याला अभ्यासू मानणे आणि अस्खलित बोलणाऱ्या उमेदवाराला प्रामाणिक मानणे, ही त्याची नित्याची उदाहरणे होत.

१९४६ साली सॉलोमन ॲश यांनी क्रमाचे महत्त्व दाखविले. एका व्यक्तीचे वर्णन काहींना ‘बुद्धिमान, उद्योगी, उतावळी, टीकाखोर, हट्टी, मत्सरी’ या क्रमाने आणि काहींना नेमक्या उलट क्रमाने वाचून दाखविण्यात आले. शब्द तेच. पण पहिल्या गटाला ती व्यक्ती थोडे दोष असलेली कर्तबगार वाटली, तर दुसऱ्या गटाला तिचे दोषच तिच्या गुणांना मारक वाटले. आधी जे कानी पडते त्याच्या प्रकाशात पुढचे ऐकले जाते. तक्रारीची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने प्रथम कोणाची बाजू ऐकली, याला किती महत्त्व असू शकते हे यावरून उमगेल.

भारतीय शाळा आणि पंचायत

या विषयावर भारतात झालेले दोन अभ्यास शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्या दृष्टीने विशेष मोलाचे आहेत. पहिला अभ्यास रेमा हन्ना आणि ली लिंडेन यांचा असून तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. मुलांच्या उत्तरपत्रिका तपासण्यासाठी शिक्षकांना देण्यात आल्या. प्रत्येक उत्तरपत्रिकेच्या मुखपृष्ठावर वय, लिंग व जात यांची नोंद होती, परंतु ती चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यदृच्छेने लिहिलेली होती. त्यामुळे आतील उत्तरांशी तिचा काहीही संबंध नव्हता. तरीही ज्यांवर तथाकथित खालच्या जातीची नोंद होती, त्या उत्तरपत्रिकांना सरासरीने किंचित कमी गुण मिळाले. फरक लहान होता, पण तो निश्चित होता. शिक्षकांच्या मनात दुष्टावा होता असे यावरून सिद्ध होत नाही. उत्तराचे मोल ठरविताना मुखपृष्ठावरील नोंद नकळत मदतीला धावून आली, एवढे मात्र सिद्ध होते. अर्ध्या गुणाने शिष्यवृत्ती हुकलेल्या मुलाच्या दृष्टीने हा फरक लहान राहत नाही.

दुसरा अभ्यास पश्चिम बंगालमधील आहे. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतीतील किमान एक तृतीयांश जागा व प्रमुखपदे महिलांसाठी राखून ठेवली. कोणत्या पंचायतीचे प्रमुखपद राखीव होईल हे तेथे यदृच्छेने ठरत असल्याने परिणामांची तुलना करणे शक्य झाले. कोलकात्याच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील प्राध्यापक राघवेंद्र चट्टोपाध्याय, एस्थर डफ्लो, रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात गावकऱ्यांना पंचायत प्रमुखाचे एक ध्वनिमुद्रित भाषण ऐकविण्यात आले. भाषण एकच, परंतु काहींना ते पुरुषाच्या आवाजात, तर काहींना स्त्रीच्या आवाजात ऐकू आले. जेथे प्रमुखपद महिलांसाठी कधीही राखीव झाले नव्हते, तेथील पुरुषांनी स्त्रीच्या आवाजातील त्याच भाषणाला कमी दर्जाचे ठरविले. जेथे महिलेने कारभार पाहिलेला होता, तेथे हा दुजाभाव जवळजवळ नाहीसा झाला होता. इतकेच नव्हे, तर दोन मुदतीत आरक्षण झालेल्या पंचायतींत पुढे खुल्या जागांवरही अधिक महिला उभ्या राहिल्या व निवडून आल्या.

या अभ्यासाचा आणखी एक निष्कर्ष प्रांजळपणे सांगितला पाहिजे. नेता पुरुषच असावा ही आवड अनुभवानंतरही पुसली गेली नाही. बदलले ते कर्तबगारीविषयीचे मत. प्रत्यक्ष काम पाहिल्याने आवडीनिवडी लगेच बदलत नसतील, पण न्याय करण्याची शक्ती सुधारते. महाराष्ट्राने २०११ साली स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. त्यामागील अपेक्षा केवळ संख्येची नाही. गावाची नजर बदलण्याचे ते एक साधन आहे, हे या अभ्यासाने स्पष्ट होते.

पारख सुधारण्याचे मार्ग

प्रथमदर्शनी मत मनात उमटूच नये, अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. ते सेकंदाच्या दहाव्या भागात उमटते. निश्चय केल्याने ते थांबत नाही. म्हणून सुधारणा मनापेक्षा पद्धतीत करावी लागते.

मुलाखतीच्या बाबतीत पहिली गोष्ट म्हणजे प्रश्न आणि निकष उमेदवार आत येण्यापूर्वी ठरलेले असावेत व सर्वांना तेच प्रश्न विचारले जावेत. अशी आखीव मुलाखत मोकळ्या गप्पांपेक्षा पुढील कामाचा अधिक चांगला अंदाज देते, असे संशोधनातून वारंवार दिसून आले आहे. दुसरी गोष्ट, समितीतील प्रत्येक सदस्याने चर्चेपूर्वी आपले गुण स्वतंत्रपणे लिहून ठेवावेत. अन्यथा ज्येष्ठ सदस्याचे पहिले वाक्य हेच समितीचे मत ठरते. केंद्र शासनाने १ जानेवारी २०१६ पासून ‘क’ गटातील आणि ‘ब’ गटातील अराजपत्रित पदांसाठी मुलाखती बंद केल्या. व्यक्तिगत मताला वाव कमी करण्याच्या दिशेनेच ते पाऊल होते.

शिक्षकांनी उत्तरपत्रिका तपासताना नाव व इतर नोंदी झाकलेल्या असाव्यात. वर्गातील चाचणीतही केवळ क्रमांक लिहावयास सांगणे कठीण नाही. एका विद्यार्थ्याची सर्व उत्तरे सलग तपासण्याऐवजी सर्व विद्यार्थ्यांचे पहिले उत्तर, मग सर्वांचे दुसरे, असा क्रम ठेवल्यास पहिल्या उत्तराचे वलय पुढच्या उत्तरांवर पडत नाही.

पंचायतीत घरकुल किंवा अन्य योजनेचे लाभार्थी निवडताना निकष प्रथम वाचून दाखवावेत आणि नावे नंतर घ्यावीत. प्रत्येक नावापुढे कोणता निकष पुरा होतो व कोणता होत नाही, हे इतिवृत्तात लिहावे. ‘माणूस बरा दिसतो’ किंवा ‘नुसता रिकामा हिंडतो’ हे शेरे निकषांत बसत नाहीत, हे लिहिण्याच्या वेळी आपोआप लक्षात येते. तक्रारीच्या सुनावणीत दोन्ही बाजू ऐकून होईपर्यंत टिपणात मत लिहू नये, केवळ घडलेल्या गोष्टी लिहाव्यात.

शेवटी एक सवय प्रत्येकाला लावून घेता येईल. एखाद्याविषयी अनुकूल वा प्रतिकूल मत मनात येताच, हे मत त्याच्या कोणत्या कृतीवरून बनले, असा प्रश्न स्वतःला विचारावा. एकही कृती सांगता आली नाही, तर ते मत त्या माणसाविषयीचे नसून आपल्या नजरेविषयीचे आहे, असे समजावे.

कार्यालयाच्या दाराशी अर्ज घेऊन उभा असलेला शेतकरी, शेवटच्या बाकावरील अबोल मुलगी आणि प्रथमच खुर्चीत बसलेली सरपंच यांना आपला चेहरा बदलता येणार नाही आणि तो बदलावा लागू नये. शासनाच्या, शाळेच्या व पंचायतीच्या दारी त्यांची पारख त्यांच्या गरजेवरून, उत्तरावरून आणि कामावरून व्हावी, एवढाच त्यांचा हक्क आहे. फिट्झरॉय यांनी अखेरीस आपली शंका बाजूस सारली, म्हणून डार्विन यांची संधी वाचली. परंतु सामान्य माणसाचा न्याय अशा सुदैवावर सोपवून चालणार नाही. तो पद्धतीनेच सुरक्षित केला पाहिजे.